कपावरचं नाव

"नाव?" तिनं विचारलं, आणि मी नेहमीप्रमाणे "मेरी" म्हणून मोकळी झाले. नोव्हेंबरची सकाळ होती. डब्लिनमध्ये, लिफी नदीच्या उत्तरेला, स्टोनीबॅटर भागात एक छोटं कॅफे आहे, बस चुकली की मी तिथे शिरते. बाहेर पाऊस पडतोय म्हणावं तर पडत नव्हता, आणि नाही म्हणावं तर माझा स्कार्फ पिळून काढण्याइतका ओला झाला होता. आत ओल्या लोकरीचा, करपलेल्या टोस्टचा आणि दुधाच्या वाफेचा एकत्र वास. काउंटरवरची मुलगी वीस-बावीसची असेल, केस डोक्यावर कसेबसे बांधलेले, हातात काळा मार्कर. तिच्या ॲप्रनवरच्या बिल्ल्यावर सात अक्षरं होती : एस, ए, ओ, आय, आर, एस, ई. हे नाव मी वाचलं होतं, पण कुणाला समोरासमोर हाक मारायची वेळ कधी आली नव्हती. म्हणून मी तिला उच्चार विचारला. "सीर्शा," ती म्हणाली. मग बोटांनी काउंटरवर ताल धरत, लहान मुलाला सांगावं तसं, "सीर्-शा. माझी आजी जरा वेगळं म्हणते, मला दोन्ही चालतं." अर्थ विचारला, तर रांगेकडे एक नजर टाकून म्हणाली, "फ्रीडम." कपावर माझं नाव लिहिता लिहिता तिनं हसून वर पाहिलं. "तुमचं बरंय, सोपं नाव आहे."

माझं नाव मुक्ता आहे.

कप हातात घेऊन बाहेर आले आणि बसथांब्यावर उभी राहिले, तेव्हा ते वाक्य हळूहळू आत उतरायला लागलं. सीर्शा म्हणजे स्वातंत्र्य, मुक्ता म्हणजे मोकळी झालेली. एका काउंटरच्या दोन बाजूंना एकाच अर्थाच्या दोन बायका उभ्या होत्या. त्यातली एक आपलं सात अक्षरांचं अवघड नाव दिवसभरात पन्नास जणांना न कंटाळता समजावत होती, आणि दुसरीनं पाच अक्षरांचं सोपं नाव खिशात ठेवून तिसऱ्याच कुणाचं तरी पुढे केलं होतं. तिला मी फसवलं असं कुणी म्हणणार नाही. कॉफीच्या कपावर खरंच नाव हवं असा काही नियम नाही. तरी दिवसभर ऑफिसात ते टोचत राहिलं, चपलेत गेलेला खडा चालता चालता काढता येत नाही तसं.

मेरी माझ्या आयुष्यात कशी आली ते मला नीट आठवतं. आयर्लंडमध्ये येऊन महिना झाला असेल. फोनवर कुणाला तरी नाव सांगत होते, "एम फॉर मदर, यू फॉर अंकल" करत. पलीकडच्या बाईनं तीन वेळा चुकीचं म्हटलं आणि चौथ्यांदा इतक्या मनापासून माफी मागितली, की मलाच अपराधी वाटलं. त्या ‘क्त’पाशी सगळे अडखळायचे. मक्टा, मुकाटा, मोक्ता. एका दुकानात तर माझी पाळी आल्यावर त्या माणसानं नाव उच्चारायचा प्रयत्नच केला नाही, कागद उंच धरला आणि भुवया उंचावून सगळीकडे पाहिलं. त्या दिवसापासून कॉफी, केस कापणं, टॅक्सी, पार्सल, सगळीकडे मेरी. अकरा वर्षं झाली. आणि खरं सांगायचं तर मेरी होण्यात सुख होतं. मेरीला कुणी "हे नाव कुठलं?" म्हणून विचारत नाही, "मूळचे कुठले?" म्हणून विचारत नाही. मेरीला सासर नाही, माहेर नाही, बेळगाव नाही. ती कॉफी घेते आणि गर्दीत मिसळून जाते. त्या पाच मिनिटांपुरती मेरीच जास्त मुक्त असायची, हे कबूल करायला मला अजून जड जातं.

माझं बारसं बेळगावच्या घरी झालं. पाळण्याखाली वाकून आत्यानं कानात नाव सांगितलं, सगळ्यांनी तिच्या पाठीत धपाटे घातले आणि ‘कुर्रर्र’ झालं. ही गोष्ट आत्या मला इतक्यांदा सांगायची, की मला ती आठवते असंच वाटतं. नाव कुणी सुचवलं याबद्दल मात्र घरात दोन पक्ष होते. आजी वारकरी. तिच्या मनात मुक्ताबाई होती, ताटी लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांना दार उघडायला लावणारी ती धाकटी बहीण. पहाटे चहाचं आधण ठेवताना आजी ताटीचे अभंग गुणगुणायची, आणि ‘ताटी उघडा ज्ञानेश्वरा’ आलं की माझ्याकडे बघायची, जणू दार उघडायचं काम आता माझ्याकडे आहे. आजोबा शाळामास्तर. ते म्हणायचे, मुक्ता म्हणजे स्वतंत्र, दुसरं काही नाही. १९१६ च्या एप्रिलमध्ये टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली, तेव्हा आजोबांचे वडील गर्दीत कुठेतरी उभे होते, असं आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. ‘होमरूल’ हा शब्द आयर्लंडचा, हे आजोबांनीच मला सांगितलेलं. मी आयर्लंडला निघाले तेव्हा ते नव्हते. असते तर पहिल्यांदा तोच शब्द काढला असता.

त्या आठवड्यात रोज रात्री मी सीर्शा हा शब्द घेऊन बसले. आधी कोडं सोडवायचं होतं ते स्पेलिंगचं. आयरिश स्पेलिंगची भानगड बाहेरून वाटते तेवढी नाही. तिचे नियम इंग्रजीपेक्षा कितीतरी सरळ आहेत, फक्त ते इंग्रजीचे नाहीत. ए, ओ, यू या स्वरांना आयरिशमध्ये ‘रुंद’ म्हणतात, आय आणि ई ‘अरुंद’. रुंद स्वराशेजारचा एस म्हणजे ‘स’, अरुंद स्वराशेजारचा एस म्हणजे ‘श’. म्हणून एकाच नावात पहिला एस ‘सी’ होतो आणि दुसरा ‘शा’. हे वाचलं आणि मी खुर्चीत ताठ बसले, कारण हे तर आपण रोज करतो. घसा दुखतो, पण घशात दुखतं. पैसा मोठा, पण पैशाला किंमत नाही. ससा पळाला, सशाला पकडलं. पुढचं रूप बदललं की आपलाही ‘स’ मऊ होऊन ‘श’ होतो आणि आपल्याला ते जाणवतही नाही. मी वहीत लिहून पाहिलं : सीर्शा. दोन अक्षरं आणि एक रफार, बस. रोमन लिपीत जे सात अक्षरांचं जंगल होतं, ते देवनागरीत एका ओळीच्या कडेला मावलं. उच्चाराचं म्हणाल तर आयरिश लोकांतही एकमत नाही. कुणी सीर्शा म्हणतं, कुणी सेर्शा, आणि या नावाची जगातली सर्वांत प्रसिद्ध बाई, अभिनेत्री सीर्शा रोनन, स्वतःला सर्शा म्हणवते. अमेरिकेतल्या मुलाखतींमध्ये तिला हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला गेला, आणि ती ‘इनर्शा’ (inertia) या इंग्रजी शब्दाच्या तालावर म्हणा, असं सांगत आली.

मग मुळाकडे गेले, आणि तिथे जे सापडलं त्यानं त्या रात्री झोप आली नाही. सीर्शा हे भाववाचक नाम, ‘सेर’ म्हणजे मोकळा या विशेषणापासून झालेलं. त्याच्या उलट ‘डेर’, म्हणजे बांधलेला, दास. जुन्या आयरिश समाजात माणसांची विभागणीच या दोन शब्दांनी व्हायची. आयरिशमध्ये अशा जोड्या पुष्कळ आहेत, सुरुवातीला ‘स’ असला की चांगलं, ‘ड’ असला की वाईट : सोना म्हणजे सुखी, डोना म्हणजे वाईट. सोलेर म्हणजे स्पष्ट, डोलेर म्हणजे धूसर. हे आपले सु आणि दुस्. सुगंध-दुर्गंध, सुकर-दुष्कर. हजारो वर्षांपूर्वी एकच असलेल्या बोलीचे दोन तुकडे, एक गंगेकडे आला, एक अटलांटिकच्या काठाला जाऊन थांबला. भाषाशास्त्रज्ञ ‘सेर’चं मूळ रूप जोडतात ते ‘सु’ अधिक ‘विरोस’, म्हणजे चांगला माणूस. हा ‘विरोस’ म्हणजे आपला वीर. म्हणजे तिच्या नावाच्या पोटात आपला ‘सुवीर’ बसलेला आहे. ऋग्वेदात गृत्समदांच्या सूक्तांच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारा, ‘बृहद्वदेम विदथे सुवीराः’ मधला. आजोबांना हे सांगायला हवं होतं. ते चष्मा काढून, धोतराच्या टोकानं पुसून, पुन्हा लावून म्हणाले असते, "परत सांग."

आजच्या आयरिशमध्ये ‘सेर’चा आणखी एक अर्थ आहे, स्वस्त. आणि ‘डेर’ म्हणजे महाग.

पण एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त आवडली. सीर्शा या नावाला पूर्वज नाहीत. आयरिश मुलींची इतर नावं पाहा, डीर्द्रा घ्या, नीव्ह घ्या, एफा घ्या, प्रत्येकीमागे एक दंतकथा, एक राजकन्या, एक शाप उभा असतो. ब्रिजिटसारखी नावं संतांची. इथे जुनी रीत अशी, की पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव, पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं. आपल्याकडेही नातवाला आजोबांचं नाव ठेवायचेच की. सीर्शाला मात्र आजी नव्हती, संत नव्हती, राजकन्याही नव्हती. विसाव्या शतकाआधी हे कुणा मुलीचं नाव नव्हतंच. तो फक्त एक शब्द होता, ज्याची लोक वाट बघत होते. १९१६ मध्ये ईस्टरच्या सोमवारी, २४ एप्रिलला, इंग्रजी सत्तेविरुद्ध उठाव करणाऱ्यांचा नेता पॅट्रिक पिअर्सनं डब्लिनच्या जनरल पोस्ट ऑफिसबाहेर उभं राहून प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. शनिवारी २९ तारखेला बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवली. या दोन तारखांच्या मधे, शुक्रवारी २८ एप्रिलला, बेळगावात टिळकांची होमरूल लीग जन्माला आली. पिअर्सला ३ मे रोजी गोळ्या घातल्या. एका आठवड्यात दोन गावं, एकमेकांना न दिसणारी. यापलीकडे त्या योगायोगाचं मी काही करू शकत नाही, पण तो माझ्या हातून सुटतही नाही.

१९२२ मध्ये आयरिश मुक्त राज्य झालं, त्याच्या आयरिश नावातही हाच ‘सेर’ आहे. त्याच वर्षी कॉर्क परगण्यातल्या बाल्टिमोर बंदरात एक शिडाची बोट बांधली गेली. कॉनर ओब्रायन नावाच्या माणसानं तिचं नाव सीर्शा ठेवलं, १९२३ च्या जूनमध्ये डब्लिनजवळच्या डन लेअरीहून ती समुद्रात लोटली आणि नव्या देशाचा झेंडा लावून पृथ्वीला वळसा घालून १९२५ च्या जूनमध्ये परत आणली. ही बोट मला फार प्रिय झाली आहे. मुलींना हे नाव ठेवायला लोक अजून धजायचे होते, तेव्हा एका लाकडी बोटीनं ते अंगावर घेतलं, केप हॉर्नच्या लाटांत नेलं आणि धड परत आणलं. त्यानंतर हळूहळू ते पाळण्यात आलं. आधी देशाच्या लढ्यात घर पोळलेल्या कुटुंबांत, मग शिक्षकांच्या, आयरिशप्रेमींच्या घरांत. १९९४ मध्ये न्यूयॉर्कला आयरिश आईबापांच्या पोटी रोनन जन्मली, तेराव्या वर्षी ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचली, आणि मग ज्यांना आयर्लंड नकाशावर दाखवता येणार नाही अशांनीही मुलींना हे नाव द्यायला सुरुवात केली. २०१६ साली ते अमेरिकेतल्या मुलींच्या पहिल्या हजार नावांत पहिल्यांदा आलं. ईस्टरच्या उठावाला तेव्हा शंभर वर्षं झाली होती. त्या आईबापांच्या मनात पिअर्स नव्हता, एक सुंदर चेहरा आणि एक सुंदर ध्वनी होता. मला त्यात काही गैर वाटत नाही. मुक्ता ठेवणाऱ्या सगळ्यांच्या मनात तरी ताटीचे अभंग कुठे असतात? मोती आवडतो म्हणूनही ठेवतात.

मला अडवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. इंग्रजी अमलात आयरिश माणसाचं नाव रजिस्टरात गेलं की बदलून बाहेर यायचं. टायगचा टिमोथी व्हायचा, डीरमिडचा जेरेमाया, गॉबनितची ॲबिगेल, कोनरचा कॉर्नेलियस. अर्थाचा संबंध नाही, मुळाचा नाही, जेमतेम एखाद्या अक्षराचा. शाळेत मुलांच्या गळ्यात काठी बांधलेली असायची, आयरिश शब्द तोंडातून गेला की तिच्यावर एक खाच, संध्याकाळी खाचांइतका मार. पुढे पुढे आईबापच मुलांशी इंग्रजीत बोलायला लागले, कारण उपासमारीच्या वर्षांनंतर परदेशी जाणाऱ्या बोटीत बसायचं तर इंग्रजी हवी होती. १८९२ मध्ये आयरिश भाषेचा अभ्यासक डग्लस हाइडनं डब्लिनमध्ये गाजलेलं भाषण केलं, त्यात इतर गोष्टींबरोबर नावांचाही हिशोब मांडला : आपण आपलीच नावं टाकून देतोय. आणि १९०५ मधली ती खटल्याची गोष्ट. डोनेगॉलमधल्या नील मॅकगिला व्रीजा नावाच्या कवीनं आपल्या गाडीवर मालकाचं नाव आयरिशमध्ये लिहिलं. कायद्याप्रमाणे नाव वाचता येईल असं हवं, आणि हे तर वाचताच येत नाही, म्हणून त्याला दंड झाला. त्याच्या बाजूनं उभा राहिलेला तरुण वकील पिअर्स होता, अकरा वर्षांनी पोस्ट ऑफिसबाहेर उभा राहिला तोच. तो खटला हरला. एक साधी गाडी, तिच्यावर धन्याचं स्वतःचं नाव, आणि ते वाचता येत नाही असं म्हणणारी, वाचायला न शिकलेली माणसं.

माझ्या गळ्यात तर कुणी काठी बांधली नव्हती.

हे वाचत होते त्या रात्री मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि कचऱ्याच्या डब्यात सकाळचा कप शोधला. गोल, घाईच्या अक्षरात ‘मेरी’, शेवटच्या अक्षराची शेपटी कपाच्या पोटावर लांब ओढलेली. सीर्शानं ते मनापासून लिहिलं होतं. टायगचा टिमोथी कारकुनानं केला. मुक्ताची मेरी मी केली, अकरा वर्षं, दिवसाकाठी दोन-तीनदा, हसतमुखानं. आणि ते कुणासमोर? तर ज्यांनी शंभर वर्षं लावून एकेक नाव रजिस्टरातून परत आणलं त्यांच्यासमोर. ज्यांच्या पंतप्रधानाला आजही इंग्रजी बोलतानासुद्धा ‘टीशख’च म्हणतात. २०१७ मध्ये तर त्या खुर्चीवर लिओ वराडकर बसला. डब्लिनमध्ये जन्मलेला, पण आडनाव मालवण तालुक्यातल्या वराडचं. तेव्हा रेडिओवर दर तासाला ते आडनाव ऐकू यायचं. निवेदक आपापल्या परीनं ‘ड’ला आपटायचे, पण म्हणायचे पूर्ण, पाचही अक्षरं. दोन वर्षांनी तो वराडला जाऊन आला, त्याचे फोटो आमच्या मराठी ग्रुपांवर आठवडाभर फिरले. मी ते पुढे पाठवले, अभिमानानं पाठवले. आणि दुसऱ्या दिवशी कपावर मेरी लिहून घेतलं.

रविवारी मी पार्नेल चौकातल्या स्मृती-उद्यानात गेले. उठावाच्या पन्नासाव्या वर्षी, १९६६ मध्ये ते उघडलं. खाली क्रॉसच्या आकाराचा उथळ तलाव, तळाशी मोडलेल्या भाल्यांची आणि ढालींची मोझेक नक्षी, पलीकडे दंतकथेतल्या, हंस होऊन उडू पाहणाऱ्या लिअरच्या मुलांचं शिल्प. मागच्या भिंतीवर आयरिशमध्ये एक कविता कोरली आहे, आणि तिच्या शेवटी मेलेले लोक आपल्याला हाक मारतात : सीर्शाच्या पिढ्यांनो, आमची आठवण ठेवा. पूर्वी तीनदा तरी पाहुण्यांना घेऊन मी तिथे गेले होते. ती ओळ मला तेव्हा नक्षीसारखी दिसली होती. आता मला ती वाचता आली, त्यातला तो एक शब्द तरी. एक शाळकरी मुलगा तलावाच्या काठावरून चालत होता, त्याच्या आईनं त्याला खेकसून खाली उतरवलं. थंडी नाकात झोंबत होती. मी त्या शब्दावरून हातमोजा काढून बोट फिरवलं. दगड गार होता आणि अक्षरांच्या खाचांत पाणी साचलं होतं.

मनाशी ठरवलं की सीर्शाला सांगायचं. माफी वगैरे मागायची नव्हती, ती बिचारी गोंधळली असती. फक्त एवढंच : माझ्या नावाचा अर्थ तुझ्याच नावाचा आहे. पण मग नाताळ आला, मी बेळगावला जाऊन आले, आत्याच्या गुडघ्यांना तेल चोळत तिला ही सगळी कथा सांगितली. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "मी कानात एकच नाव सांगितलं होतं गं." त्यावर मी काही बोलले नाही. तेलाच्या वाटीत बोटं बुडवली आणि दुसरा गुडघा घेतला.

फेब्रुवारीत एका सकाळी बस चुकली. कॅफेत तोच लोकरीचा वास होता, पण काउंटरवर वेगळाच मुलगा, कुरळ्या केसांचा, ब्राझीलचा. डब्लिनमध्ये इंग्रजी शिकायला आलेली अशी मुलं सगळीकडे भेटतात. सीर्शा कुठे आहे म्हणून विचारलं. "पर्थ," तो म्हणाला, "जानेवारीत गेली. तिकडे काम आहे, ऊन आहे." इथली अर्धी तरुण मुलं ऑस्ट्रेलियाला जातात, मला नवल वाटायला नको होतं. तरी वाटलं. आता तिकडे कुठल्या तरी काउंटरवर ती बोटांनी ताल धरत असेल, सीर्-शा, सीर्-शा. तो मार्कर उघडून थांबला होता.

"नाव?"

"मुक्ता."

त्यानं स्पेलिंग विचारलं. मी एकेक अक्षर सांगितलं, त्यानं एकेक लिहिलं, जीभ दातांत धरून. मग कप डोळ्यांसमोर धरला आणि वाचून पाहिलं. त्याच्या भाषेत ‘क’ आणि ‘त’ असे खेटून उभे राहू शकत नाहीत, मधे एक स्वर आपोआप येऊन बसतो. "मुकिता?" मी मान हलवली आणि पुन्हा म्हटलं. "मुक्-ता." तो पुन्हा म्हणाला, "मु-किता." मागे दोन माणसं उभी होती, पण आज मला घाई नव्हती. तिसऱ्यांदा आम्ही दोघांनी मिळून म्हटलं.

मी खिडकीजवळ बसले. काचेवरचं पाणी ओघळत होतं, बाहेर माझी पुढची बस येऊन निघूनही गेली. वाफेचं यंत्र फुसफुसलं, मग थांबलं, आणि काउंटरवरून, कॅफेभर ऐकू जाईल अशा आवाजात, हाक आली.

"मुकिता!"

मी उठले.